‘सार्डानापालसचा मृत्यू’ बघताना या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं 1827 चं हे चित्र समोर आलं की तेच ते गोंधळ ऐकू येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उजवीकडच्या विवस्त्र बाईवर नजर खिळते आणि राजा शोधायचाच राहतो. एका रसग्रहण वर्गात कुणीतरी मोबाइलवरून उतरवलेलं चित्र दाखवलं, डावीकडचा वरचा भाग कापलेलं. तासभर चर्चा रंगली: शत्रू महालात घुसलाय, बायकांना कापतोय. मग पूर्ण चित्र लावलं आणि सगळे गप्प झाले. कापलेल्या भागात पांढऱ्या वस्त्रातला राजा भल्यामोठ्या पलंगावर लवंडलाय, डोकं हातावर टेकवून. जिवंत आहे. मारणारे त्याचेच चाकर, हुकूमही त्याचाच. बंडखोरांनी वेढा दिलाय, तेव्हा आपल्या सुखाचं काहीच मागे उरू नये म्हणून बायका, सेवक, घोडेसुद्धा संपवायचे. पॅरिसच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत हे छापलेलंच होतं. पण वाचायला थांबतो कोण? दोन मिनिटांत अर्थ सांगणारे व्हिडिओ बघून आलेल्यांना चित्र बघायचंच नसतं, उत्तर हवं असतं. मी आधी उजवी बाजू तळहाताने झाकते, राजाकडे नीट बघते आणि मग लाल कापडाच्या उतारावरून खाली येते. डावीकडे दागिने ल्यालेला घोडा ओढत आणलाय, तोही तेव्हाच नजरेत भरतो.

दुसरी चूक, याला इतिहास समजणं. सार्डानापालस हा ग्रीक कथांमधला असिरियाचा राजा. त्याचा संबंध असिरियाच्या खऱ्याखुऱ्या राजाशी, असुरबनिपालाशी जोडतात, पण इ.स.पू. 612 मध्ये राजधानी निनवे पडलं त्याआधीच असुरबनिपाल गेला होता. आगीत मेल्याची नोंद आहे ती त्याच्या भावाची, तीही बाबिलोनमधली. बरं, ‘इंग्रज कवी बायरनच्या नाटकाचं चित्र’ म्हणून मोकळं होणंही चूकच. 1821 च्या त्या नाटकात राजाबरोबर त्याची लाडकी दासी मिऱ्हा तेवढी चितेवर चढते; ही कत्तल तिथे नाही.

पर्स्पेक्टिव्हच्या, म्हणजे दूर-जवळ दाखवण्यातल्या, चुका मोजत बसू नका, ते काम 1828 च्या टीकाकारांनी केलंय.

जुन्या पुस्तकातल्या पिवळट छपाईवरून रंगांबद्दल लिहू नका. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या मूळ चित्रावरचं जुनं वार्निश आत्ता अलीकडेच उतरवलंय. आणि फोटो कुठल्या प्रतीचा तेही तपासा: मूळ चित्र जवळपास 4 बाय 5 मीटरचं आहे, अमेरिकेत फिलाडेल्फियाला असलेली देलाक्रवाचीच 1844 ची आवृत्ती त्याहून खूपच लहान.