नाकाबंदी दिसली की होणाऱ्या चुका

गाडी शिकवणं हा माझा धंदा. क्लच, गिअर, चढावर गाडी उचलणं, रिव्हर्स, सगळं शिकवून होतं, पोरगं आरटीओत पास होतं आणि थोड्याच दिवसांत फोन येतो, "सर, नाकाबंदीत अडकलो." बहुतेकांचे कागद जागेवर असतात. गोंधळ घातलेला असतो तो बॅरिकेडच्या अलीकडच्या पन्नास मीटरमध्ये.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पोलीस दिसताच गाडी वळवणं. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे शिकलेल्या एकाने हे केलं. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, काही म्हणता काही कमी नव्हतं. फक्त हेल्मेट डोक्यावर न घालता आरशाला लटकवलेलं. पुढे बॅरिकेड दिसलं तसा पठ्ठ्या वळला आणि उलट्या दिशेने सुटला. समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येत होती. धडक बसली, दूधवाल्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. सरळ पुढे गेला असता तर विनाहेल्मेटची पावती झाली असती आणि फार तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ड प्रमाणे तीन महिने लायसन्स गेलं असतं. त्याऐवजी भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) लागली, वर जखमीचा दवाखाना आणि कोर्टाच्या तारखा. मी त्याला एवढंच विचारलं, "अरे, थांबून हेल्मेट डोक्यात घालायला किती वेळ लागला असता?" त्यावर तो म्हणाला, "सर, सुचलंच नाही." कसं सुचणार? यांना आधी पळायचं सुचतं. आणि पुढच्या चौकात दुसरा हवालदार वायरलेस घेऊन उभा असतो, हे गल्लीबोळाचे शॉर्टकट सांगणारे मित्र कधी सांगत नाहीत.

माझी पद्धत साधी आहे. बॅरिकेड दिसलं की आधी आरसा बघायचा, मग एक्सलेटर सोडायचा आणि दुसऱ्या गिअरवर यायचं. रात्र असेल तर हेडलाइट लो बीमवर घ्यायचा. अप्पर मारत गेलात तर समोरच्या हवालदाराला तुमची गाडी दिसतच नाही, नुसता उजेड दिसतो, आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा असतो. कार असेल तर काच खाली आणि आतला दिवा चालू. हात दाखवला तर डावा इंडिकेटर देऊन पूर्ण कडेला थांबायचं, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. नवशिके हात दिसताच जागच्या जागी ब्रेक दाबतात आणि मागचा टेम्पो डिकीत येतो.

हात दाखवला नाही तर थांबायचं नाही. हेही सांगावं लागतं! आपल्याला जाऊ दिलंय, तरी काही जण कोणाला धरलंय हे बघत रेंगाळतात, एखादा स्टिअरिंगवरचा हात सोडून मोबाईलवर शूटिंगही करतो. कडेला अडवलेल्या गाडीचा दरवाजा कधीही उघडतो आणि पावती फाडणारा माणूस एक पाऊल मागे येतोच. तेवढं अंतर सोडून, त्याच हळू वेगाने पुढे निघा.

कागदांची दुसरी रड. व्हॉट्सअपवर आलेला आरसीचा फोटो म्हणजे आरसी नव्हे. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवायला मान्यता मिळाली. ती डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधल्या कागदांना आहे, गॅलरीतल्या फोटोला नाही. आणि घाटात रेंज नसताना पासवर्ड आठवत बसणाऱ्यांना काय म्हणावं! मी घरून निघतानाच ॲप उघडून ठेवतो, आणि लायसन्सचं कार्ड पाकिटात असतंच. कुणाला जुनाट वाटलं तरी चालेल. पोलिसांनी लायसन्स जप्त केलंच तर त्याची तात्पुरती पोच मिळते, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये तशी तरतूद आहे. ती मागून घ्या, आवाज न चढवता.

आवाज चढवणारे आणि ओळखी सांगणारे यांच्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. हवालदाराच्या अंगाला हात लावलात तर न्याय संहितेचं कलम १३२ आहे.

तोडपाणी करू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

पिऊन चालवणाऱ्यांना माझ्याकडे टीप नाही. मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. वेलदोडा चावून यंत्र फसत नाही. फुंकायला नकार दिला आणि पोलिसाला संशय आला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते.

पोराला गाडी देणाऱ्या बापांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ वाचावं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. "सोसायटीतच चालवतो हो" म्हणणाऱ्यांची पोरंच मला हायवेला भेटतात.

राहिला ई-चलान. पुढे लोक अदालतीत सवलत मिळेल म्हणून लोक चलानं साठवत जातात आणि पुढच्या नाकाबंदीत नंबर टाकताच सगळी यादी स्क्रीनवर येते. मी मेसेज आला की आधी फोटो उघडून नंबरप्लेट बघतो, कारण ३ आणि ८ मध्ये गल्लत होते. गाडी आपली असेल तर भरून मोकळा होतो, नसेल तर ऑनलाइन तक्रार टाकतो.