ब्लेंडरमध्ये मिमीतलं मॉडेल: ग्रिड, युनिट आणि क्लिपिंग आधी लावून घ्या

समजा थ्रीडी प्रिंटसाठी ६० मिमीची डबी बनवायचीये, तिला ३ मिमीचं भोक. ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) उघडलं की ग्रिडचा एक चौकोन १ मीटरचा, डबी त्यात कुठेतरी कोपऱ्यात हरवते, जवळ गेलं की तिचा पुढचा भाग कापल्यासारखा गायब होतो, आणि मग वैतागून लोक अंदाजाने मॉडेलच मोठं करत बसतात. तसं नका करू. युनिट (मापाचं एकक), ग्रिड (जमिनीवरची चौकट) आणि क्लिपिंग (किती जवळचं आणि किती लांबचं दिसावं त्याची हद्द) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, मॉडेलला हात लावायच्या आधी तिन्ही बघून घ्या.

आधी युनिट. सीन प्रॉपर्टीजमध्ये युनिट्स उघडा, लेंग्थ मिलिमीटर्स करा आणि युनिट स्केल १ चं ०.००१ करा. हे दुसरं राहून जातं. माझंही राहिलं होतं, नुसती लेंग्थ बदलली, आकडे मिमीत दिसायला लागले म्हणजे झालं असं धरून अख्खी डबी बनवली, एसटीएल (प्रिंटसाठीची मॉडेलची फाइल) काढली, स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) उघडली तर प्लेट रिकामी, खूप झूम केल्यावर एक ठिपका सापडला. लेंग्थने फक्त आकडा कसा दाखवायचा तेवढंच बदलतं, आतमध्ये १ युनिट १ मीटरच राहतं, म्हणजे ६० मिमी आत ०.०६ असतं. एसटीएलमध्ये एकक नसतंच, नुसते आकडे असतात आणि स्लायसर सहसा ते मिमी धरतो, म्हणून ०.०६ मिमीची डबी. बरोबर झालंय का ते सुरुवातीच्या क्यूबवरून कळतं, त्याची बाजू २ मीटरऐवजी २ मिमी दिसली पाहिजे.

आता ग्रिड. व्ह्यूपोर्टच्या (मॉडेल दिसतं त्या भागाच्या) वर उजवीकडे दोन गोल एकमेकांवर असलेलं ओव्हरले आयकॉन आहे, त्याच्या शेजारचा बाण दाबा, गाईड्समध्ये स्केल ०.००१ करा. जमिनीवरचे चौकोन आता मिमीच्या हिशोबात येतात. यानं मॉडेलचं माप अजिबात बदलत नाही, बिनधास्त करा.

नमपॅडवर १, ३ किंवा ७ दाबून समोरून, बाजूने, वरून बघताना झूमप्रमाणे ग्रिड आपोआप बारीक किंवा मोठी होते आणि सध्याची पायरी वर डावीकडे लिहून येते. तिथे मीटर्स गुणिले ०.००१ असं दिसलं तर गोंधळू नका, ते १ मिमीच. कंट्रोल धरून वस्तू हलवली की या व्ह्यूमध्ये ती दिसणाऱ्या ग्रिडच्या पायरीनेच सरकते, म्हणून भोकाचा सिलिंडर जागेवर नेण्याआधी पायरी १ मिमी दिसेपर्यंत झूम करा आणि मगच हलवा. मला तरी दरवेळी आकडे टाइप करण्यापेक्षा हे जास्त सोपं पडतं.

क्लिपिंगसाठी एन दाबा, व्ह्यू टॅबमध्ये क्लिप स्टार्ट आणि एंड आहेत. जवळचा भाग कापला जात असेल तर स्टार्ट कमी करा, लांबचा गायब होत असेल तर एंड वाढवा. पण एकदम टोकाला नेऊ नका, स्टार्ट फारच लहान आणि एंड प्रचंड झालं की खोलीचा हिशोब अपुरा पडतो आणि जवळजवळचे पृष्ठभाग लुकलुकायला लागतात. ग्रिड स्केल आणि क्लिपिंग त्या त्या व्ह्यूपोर्टपुरतं असतं, दुसऱ्या वर्कस्पेसमध्ये परत लावावं लागतं.

झूम अडकल्यासारखं वाटलं, चाक फिरवूनही पुढे जात नसेल, तर वस्तू सिलेक्ट करून नमपॅडवरचा टिंब दाबा, व्ह्यू तिच्यावर येतो.

जुनं मॉडेल मीटरच्या सेटिंगमध्ये बनवलेलं असेल तर युनिट स्केल बदलल्यावर ते हजार पट लहान दिसेल, मग सगळं सिलेक्ट करून एस, १०००, एंटर आणि लगेच कंट्रोल ए मधून स्केल अप्लाय करा, नाहीतर बेव्हल (कडा गोल किंवा तिरकी करणं) भलत्याच मापाचं येतं. आणि कायम मिमीतच काम करत असाल तर रिकाम्या फाइलमध्ये हे सगळं लावून फाइल मेनूत डिफॉल्ट्समधून सेव्ह स्टार्टअप फाइल करून टाका, पुढची प्रत्येक नवी फाइल तशीच उघडेल.