५.१ टक्के जागा शिल्लक होती

पहिल्या नोकरीतला माझा आठवा महिना. पुण्यातली छोटी कंपनी, सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये आम्ही तिघंच. डिस्क भरत आली की वेळेत मेल यावा म्हणून मला एक स्क्रिप्ट लिहायला दिली होती. पायथनच्या जेमतेम ४० ओळी: स्टॅटव्हीएफएस (डिस्कवरच्या जागेचा हिशेब देणारं फंक्शन) बोलवायचं, एकूण ब्लॉक (जागेचे ठरावीक आकाराचे तुकडे) आणि मोकळे ब्लॉक घ्यायचे, टक्के काढायचे, ५ च्या खाली गेलं की मेल. टेस्ट सर्व्हरवर मी दोनदा डिस्क भरून पाहिली, दोन्ही वेळा मेल आला. सगळ्यांनी कौतुक केलं.

मग एका रात्री पावणेतीनला फोन वाजला. ॲप्लिकेशन बंद पडलं होतं आणि लॉगमध्ये एकच ओळ सारखी येत होती: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. मी स्क्रिप्ट चालवली. ५.१ टक्के मोकळी. २०० जीबीचं पार्टिशन, म्हणजे १० जीबीच्या वर जागा. खात्री करायला सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) १ जीबीची फाईल तिथेच लिहून पाहिली, ती बिनतक्रार लिहिली गेली. मी ठामपणे कळवलं की डिस्क ठीक आहे, दोष ॲप्लिकेशनमध्ये आहे. माझ्या त्या एका वाक्यामुळे डेव्हलपर पहाटेपर्यंत नसलेली चूक शोधत बसले. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

सकाळी आमच्या सीनियरनी माझा स्क्रीन पाहिला आणि एवढंच विचारलं, "मोकळी आहे म्हणतेस ना? कोणासाठी मोकळी?"

नव्याने फाइलसिस्टिमची (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेची) माहिती प्रोग्रॅममधून काढायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मला हाच प्रश्न द्यायचा आहे. म्हणून यावर जरा जास्त बोलते, कंटाळू नका.

स्टॅटव्हीएफएस मोकळ्या जागेचे दोन आकडे देतं. (सगळ्या नावांच्या आधी 'एफ_' असतं, ते इथे गाळते.) 'बीफ्री' म्हणजे डिस्कवर न वापरलेले एकूण ब्लॉक. 'बीअव्हेल' म्हणजे त्यातले साध्या युजरला खरोखर वापरता येतील असे ब्लॉक. दोन्हींत फरक पडतो, कारण ईएक्सटी४ (लिनक्सवरची एक फाइलसिस्टिम) फॉरमॅट करताना काही वेगळं सांगितलं नाही तर ५ टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे ॲडमिन युजरसाठी, राखून ठेवले जातात. ही पद्धत जुनी आहे. बर्कली विद्यापीठाच्या १९८० च्या दशकातल्या युनिक्स फाइलसिस्टिममध्येही अशी राखीव जागा असायची, तीही १० टक्के. कारणं दोन. डिस्क गच्च भरली तरी रूटला लॉगिन करून साफसफाई करता यावी आणि महत्त्वाच्या सर्व्हिसेस चालू राहाव्यात, हे एक. थोडी मोकळीक असली की फाइलींचे तुकडे इकडेतिकडे विखुरत नाहीत, हे दुसरं.

आता माझ्या रात्रीकडे परत या. ॲप्लिकेशन साध्या युजरखाली चालत होतं. त्याने बीअव्हेल शून्यावर आणलं की त्याच्यासाठी डिस्क संपली. पण मी मोजत होते बीफ्री, आणि त्यात राखीव ५ टक्के धरलेले. ते रूटशिवाय कोणी खात नाही, म्हणजे माझा आकडा ५ च्या खाली जाणंच शक्य नव्हतं. ५.१ का, तर राखीव जागा पार्टिशनच्या सगळ्या ब्लॉकवर ठरते, आणि स्टॅटव्हीएफएस 'एकूण' म्हणून जो आकडा देतं त्यातून फाइलसिस्टिमने स्वतःच्या नोंदींसाठी घेतलेले ब्लॉक आधीच वजा झालेले असतात. भाजक थोडा लहान, म्हणून टक्का थोडा मोठा. माझा अलर्ट कधीच वाजला नसता. आणि सुडोने लिहिलेली ती फाईल? ती राखीव जागेतच गेली. मी रूट म्हणून तपासत होते आणि उत्तर साध्या युजरच्या वतीने देत होते.

मग टेस्ट सर्व्हरवर मेल कसा आला? तिथे सेंटओएस ७ होतं, त्याची डीफॉल्ट फाइलसिस्टिम एक्सएफएस. एक्सएफएस रूटसाठी अशी जागा राखत नाही, त्यामुळे तिथे दोन्ही आकडे सारखेच दिसत. प्रॉडक्शनवर उबुंटू होतं, ईएक्सटी४. तोच कोड, तेच फंक्शन, पण खाली जमीन वेगळी. टेस्टचं मशीन निवडताना फाइलसिस्टिम कोणती आहे ते आधी बघा, ओएसचं नाव नंतर.

तेव्हा हे पाठ करा: शिल्लक जागा म्हणजे बीअव्हेल गुणिले एफआरसाइझ (एका ब्लॉकचा आकार, बाइटमध्ये). वापरलेली जागा म्हणजे एकूण वजा बीफ्री, तेही गुणिले एफआरसाइझ. आणि टक्केवारी काढताना वापरलेल्याला एकूणने भागू नका. वापरलेली अधिक शिल्लक या बेरजेने भागा. 'डीएफ' (जागा दाखवणारी तयार कमांड) हेच करतं, म्हणून त्या रात्री ते १०० टक्के दाखवत होतं आणि मी ९४.९. पायथनचं शटिल.डिस्क_युसेज वापरलंत तर त्यातलं 'फ्री' बीअव्हेलवरूनच येतं. तिथे वापरलेली आणि शिल्लक मिळून एकूण होत नाही म्हणून घाबरू नका, मधला फरक म्हणजे हीच राखीव जागा. विंडोजवरही तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत उभा असतो. तिथलं गेटडिस्कफ्रीस्पेसईएक्स हे फंक्शन तीन आकडे देतं: बोलावणाऱ्याला मिळू शकणारी जागा, एकूण जागा, आणि एकूण मोकळी जागा. युजरवर कोटा (जागेची ठरवून दिलेली मर्यादा) असेल तर पहिला आणि तिसरा जुळत नाहीत.

गुणाकार एफआरसाइझनेच करा, स्टॅटव्हीएफएस देतं त्या 'बीसाइझ' या दुसऱ्या आकाराने नाही. लिनक्सवर ईएक्सटी४ला दोन्ही ४०९६ येतात, त्यामुळे चूक दिसतच नाही. मॅकवर बीसाइझ १० लाख ४८ हजार ५७६ येऊ शकतो आणि एफआरसाइझ ४०९६. म्हणजे तुमची डिस्क २५६ पट मोठी दिसणार.

शॉर्टकटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 'डीएफ' कमांड चालवून तिचं आउटपुट स्पेसवर तोडून आकडे उचलू नका. डिव्हाइसचं नाव लांब असलं तर काही जुन्या आवृत्त्यांत ओळ मोडते, सिस्टिमची भाषा बदलली की मथळे बदलतात, माउंटच्या (फाइलसिस्टिम ज्या फोल्डरवर जोडली जाते त्याच्या) नावात स्पेस आली की रकाने सरकतात. ज्या आकड्यांवर रात्री कुणाची तरी झोप अवलंबून आहे ते कर्नलला थेट विचारा. आणि तयार कोड चिकटवून देणाऱ्या सीनियरपेक्षा मॅन पेज (कमांड-फंक्शनांची अधिकृत माहिती) उघडून शेजारी बसणारा सीनियर शोधा, पगार हजारभर कमी मिळाला तरी. स्टॅटव्हीएफएसचं मॅन पेज दोन-तीन स्क्रीनचं आहे. बीअव्हेलसमोर 'अनप्रिव्हिलेज्ड युजर्ससाठी' असं त्यात लिहिलेलं आहे. मी ते आठ महिन्यांत एकदाही उघडलं नव्हतं. कोर्समध्ये कोणी उघडायला लावलं नव्हतं हे खरं, पण मीही उघडलं नाही.

बाकीचे खड्डे भराभर सांगते. जागा असूनही तोच एरर, नंबर २८, येत असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपलेत का बघा; लाखो छोट्या सेशन फाइलींनी हे होतं. ईएक्सटी४मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. एकूण आयनोड 'फाइल्स'मध्ये आणि शिल्लक 'एफफ्री'मध्ये मिळतात, पण बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम तिथे शून्य देते, तेव्हा भागाकाराआधी तपासा. प्रॉक आणि सिसएफएस या डिस्कवर नसलेल्या, कर्नलने दाखवलेल्या फाइलसिस्टिम; त्यांचे एकूण ब्लॉकही शून्यच. उबुंटूवरचे स्नॅप (ॲपची पॅकेजं) स्क्वॉशएफएस या फक्त वाचता येणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये असतात, ते कायम १०० टक्के भरलेले दिसतात; ते वगळा, नाहीतर पहिल्याच दिवशी पन्नास मेल. माउंटची यादी प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फोमधून घ्या. बाइंड माउंटमुळे (तोच फोल्डर दुसऱ्या जागीही जोडल्यामुळे) एकच डिस्क दोनदा येते, तेव्हा मेजर-मायनर नंबरवरून (डिव्हाइसच्या ओळख क्रमांकावरून) दुबार नोंदी काढा. फाइलसिस्टिमचा प्रकारही तिथूनच घ्या. स्टॅटएफएस या जोडीच्या फंक्शनच्या मॅजिक नंबरवर (फाइलसिस्टिमचा प्रकार सांगणाऱ्या आकड्यावर) विसंबू नका, ईएक्सटी२, ३ आणि ४ या तिघांचा नंबर एकच आहे.

एनएफएसबद्दल (नेटवर्कवरून जोडलेल्या फाइलसिस्टिमबद्दल) मात्र कडक इशारा. दुसऱ्या टोकाचा सर्व्हर गेला आणि माउंट 'हार्ड' (उत्तर येईपर्यंत थांबून राहणारा) असेल, तर स्टॅटव्हीएफएस परतच येत नाही. एक्सेप्शन नाही, एरर नाही, प्रोसेस तशीच अडकून राहते, आणि क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) दर पाच मिनिटांनी नवी प्रोसेस आणून उभी करतो. प्रत्येक नेटवर्क माउंट वेगळ्या प्रोसेसमध्ये तपासा, बाहेरून टाइमआउट लावा, आणि मागची परतली नसेल तर नवी सुरू करू नका.

हे वाचून दडपण आलं असेल तर सांगते, एवढं सगळं पहिल्या वर्षी कोणालाच माहीत नसतं. त्या रात्रीनंतर मला कोणी काढलं नाही. सीनियरनी मला दुपारी तासभर बसवून एक प्रयोग करायला लावला, आणि टीममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आज तोच देते.

स्वतःच्या लॅपटॉपवर, लिनक्स नसेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, १०० एमबीची रिकामी फाईल करा. तिच्यावर ईएक्सटी४ फॉरमॅट चालवा, लूप डिव्हाइस म्हणून (फाईललाच डिस्क मानून) एका फोल्डरवर माउंट करा आणि तो फोल्डर आपल्या युजरच्या मालकीचा करा. आता साध्या युजरनेच त्यात लिहीत राहा, 'नो स्पेस' येईपर्यंत. आला की स्टॅटव्हीएफएस छापा. बीअव्हेल शून्य दिसेल, बीफ्री मात्र शून्य नसेल. मग सुडो लावून तिथेच १ एमबीची आणखी एक फाईल लिहा. लिहिली जाईल. पुन्हा छापा, आणि या वेळी दोन आकड्यांपैकी कोणता हलला ते बघा.