बडोद्याच्या उन्हाळ्यात एलडीएच-सीची व्हायल आली की काय करायचं

एलडीएच-सी म्हणजे शुक्राणूत सापडणारं एक एन्झाइम, लॅबमध्ये ते छोट्या बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये, येतं. मे महिन्यात त्याचं पार्सल मागवू नका, हे आधी सांगते. आम्ही मागवलं होतं. बाहेर 42 डिग्री, कुरियरवाला फतेगंजच्या गेटवर उभा राहून फोन करतोय, सिक्युरिटीवाला त्याला आत सोडत नाहीये, आणि आतला ड्राय आइस उडून चाललाय. तेव्हा मागवायच्या आधीच विचारून ठेवा, पावडर येणार की लिक्विड. लायोफिलाइज्ड म्हणजे सुकवलेली पावडर असेल तर एखाद-दोन दिवसाच्या गरमीने सहसा काही बिघडत नाही, लिक्विड असेल तर मात्र सोमवारी निघेल असं बघा, शुक्रवारी निघालं तर शनिवार-रविवार गोडाऊनमध्ये पडून राहतं.

आता हे एन्झाइम आहे काय ते थोडक्यात. लॅक्टेट डिहायड्रोजनेज सगळ्या शरीरात असतं, त्याचा सी प्रकार मुख्यतः वृषणात आणि शुक्राणूत सापडतो, 1963 मध्ये सापडला तेव्हा त्याला एलडीएच-एक्स म्हणायचे. ज्या नर उंदरांमध्ये याचं जीन काढून टाकलं त्यांचे शुक्राणू नीट पोहेनात आणि पिल्लंही फारशी होईनात, म्हणून पुरुष वंध्यत्वावर काम करणाऱ्यांना यात एवढा रस. आपल्याकडे येतं ते रिकॉम्बिनंट, म्हणजे माणसाचं जीन बहुतेक वेळा ई. कोलाय या बॅक्टेरियात घालून बनवलेलं, वर बहुधा हिस-टॅग, म्हणजे प्रोटीन शुद्ध करायला सोपं जावं म्हणून जोडलेलं शेपूट, लावलेला.

व्हायल उघडायच्या आधी स्पिन करा, म्हणजे सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवून पावडर तळाशी आणा. प्लीज. पहिल्या वेळेला मी सरळ झाकण उघडलं, 50 मायक्रोग्रॅम पावडर म्हणजे डोळ्यांना दिसतही नाही, ती सगळी झाकणाला चिकटलेली आणि मी खाली पाणी घालून ढवळत बसले. घरी दांडिया बाजारला सांगितलं तर आजी म्हणाली, एवढ्या पैशात तर केशर आलं असतं गं, निदान वास तरी आला असता.

स्पिन झाल्यावर डेटाशीटमध्ये जे लिहिलंय त्यातच विरघळवा, स्वतःची अक्कल लावू नका. 50 मायक्रोग्रॅमला 500 मायक्रोलिटर घेतलं की 0.1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. व्होर्टेक्स, म्हणजे मशीनवर जोरात हलवणं, करायचं नाही, फेस आला की प्रोटीन खराब होतं, बोटाने हळू टिचक्या मारा आणि दहा-पंधरा मिनिटं बर्फावर ठेवा. एवढं पातळ प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून लो-बाइंड ट्यूब घ्या नाहीतर 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घाला, पण बीएसए घातलंत तर नंतर ब्रॅडफर्डने, म्हणजे प्रोटीन मोजायच्या रंगाच्या टेस्टने, प्रोटीन मोजू नका, बीएसएच मोजाल. मग 20-20 मायक्रोलिटरचे अलिक्वॉट, म्हणजे छोटे वाटे, साधारण 25 ट्यूब होतात, ग्लिसरॉल घालून उणे 80 डिग्रीला. एक ट्यूब एकदाच वितळवायची, उरलं तर उरलं. मन होत नाही टाकायला, माहितीये, पण परत फ्रीज केलेल्या ट्यूबचा आकडा घेऊन भांडत बसण्यापेक्षा बरं.

प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळं करायला जेलवर चालवलंत तर 140 किलोडाल्टनला बँड, म्हणजे प्रोटीनची पट्टी, शोधत बसू नका. चार सारखे तुकडे मिळून हे एन्झाइम होतं पण एसडीएस (जेलसाठी घालतात तो साबणासारखा पदार्थ) लावलं की ते सुटतात, मग बँड 36 च्या आसपास दिसतो, टॅगमुळे जरा वर.

ॲक्टिव्हिटी, म्हणजे एन्झाइम किती जोरात काम करतंय ते, मात्र स्वतः बघा, लेबलवर विसंबू नका. हे एन्झाइम एनएडीएच वापरून पायरुव्हेटचं लॅक्टेट करतं, आणि एनएडीएच 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, म्हणून ते संपत जाताना मोजता येतं. पीएच 7.5 च्या आसपासचा बफर, 0.2 मिलिमोलर एनएडीएच, पायरुव्हेट सुरुवातीला 1 मिलिमोलरच्या आत, आणि 340 नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स उतरताना बघायचा. सुरुवात 1.2 च्या जवळ हवी, फारच कमी दिसली तर एनएडीएच शिळं आहे, ते रोज ताजं, बर्फावर आणि अंधारात ठेवा, ॲसिडमध्ये तर ते टिकतच नाही. एक मिलिलिटरच्या क्युवेटमध्ये (प्रकाश मोजायच्या छोट्या चौकोनी नळीत) मिनिटाला 0.062 उतरलं तर 0.01 युनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल), कारण 1 मिलिमोलर एनएडीएचचा ॲब्सॉर्बन्स 6.22 धरायचा. लाइन सरळ येत नसेल तर एन्झाइम जास्त झालंय, पातळ करा. तुलनेसाठी पायरुव्हेटशिवाय एक ब्लँक, एन्झाइमशिवाय एक ब्लँक, आणि पाण्याचं तापमान खरंच तेच आहे का ते थर्मामीटर घालून बघा, उन्हाळ्यात आमच्या रूममध्ये एसी बंद पडला की 25 चे 32 होतात आणि मग सगळे आकडे वर.

अँटिबॉडी टेस्ट करायची असेल तर शेजारी एलडीएच-ए, म्हणजे याच एन्झाइमचा स्नायूंतला प्रकार, पण लावा, दोघांचा चेहरामोहरा इतका मिळतो की स्वस्तातली अँटिबॉडी दोघांनाही ओळखते.

आणि खरे शुक्राणू वापरायचे असतील तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी, डोनरची लेखी संमती, हे नंतर बघू असं चालत नाही. एन्झाइमचा बफरही तपासा. सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते विष) असेल, ग्लिसरॉल किंवा इमिडाझोल (हिस-टॅगवालं प्रोटीन शुद्ध करताना वापरतात ते) जास्त असेल तर शुक्राणू त्यानेच मंदावतील आणि तुम्ही दोष एन्झाइमला द्याल. डायलिसिस करा, म्हणजे पातळ पडद्यातून ही लहान रसायनं काढून टाका, ई. कोलायमधून आलेला एंडोटॉक्सिन, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातला विषारी पदार्थ, तोही मोजा, आणि एका ट्यूबमध्ये एन्झाइमशिवाय नुसता तोच बफर घालून गती बघा. आमच्याकडे एकदा त्या बफरवाल्या ट्यूबमध्येच शुक्राणू थंडगार पडले होते, तीन आठवड्यांचं काम गेलं, तेव्हापासून ती ट्यूब मी सगळ्यात आधी लावते.