लेव्हल किंवा टोटल स्टेशन पडलं तर आधी काय तपासायचं

सर्व्हेचं मशीन, म्हणजे उंचीतला फरक मोजणारं लेव्हल किंवा कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन, पडलं की आपण काच फुटली का, बॉडीला पोचा आलाय का तेवढंच बघतो आणि लेन्समधून नीट दिसतंय म्हणून कामाला लागतो. पण खरा धोका तिथेच आहे, कारण कोलिमेशन (दुर्बिणीची नजरेची रेषा) बिघडलेलं मशीनसुद्धा रीडिंग आरामात देतं, फक्त चुकीचं देतं. म्हणून टेस्ट झाल्याशिवाय पुढचा एकही पॉइंट घेऊ नका.

ऑटो लेव्हल असेल तर आधी कॉम्पेन्सेटर (नजरेची रेषा आपोआप आडवी ठेवणारा आतला भाग) बघा. स्टाफवर (आकडे असलेल्या उभ्या पट्टीवर) रीडिंग घ्या आणि ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारा, इमेज हलून परत त्याच रीडिंगवर आली पाहिजे. मग मशीनखालचा एक फूट स्क्रू (लेव्हल करायचा स्क्रू) किंचित फिरवा, बबल गोलाच्या आतच राहू दे, रीडिंग बदलायला नको. बदललं किंवा इमेज हललीच नाही तर कॉम्पेन्सेटर अडकलाय, पुढची टेस्ट करण्यात अर्थ नाही, मशीन सर्व्हिसला द्या.

तो ठीक असेल तर टू पेग टेस्ट, ही टाळूच नका. ६० मीटर अंतरावर दोन पक्के पेग (खुंट्या) ठोका, मशीन बरोबर मध्ये लावा. समजा ए वर १.४३२ आणि बी वर १.२८७ आलं, फरक ०.१४५. दोन्हीकडे अंतर सारखं असल्यामुळे मशीनची चूक दोन्ही रीडिंगमध्ये सारखीच येते आणि वजाबाकीत उडून जाते, म्हणजे हा फरक खरा. आता मशीन ए पासून दोन-तीन मीटरवर न्या. तिथे ए वर १.५१० आलं तर बी वर १.३६५ यायला हवं, १.३७१ आलं म्हणजे नजरेची लाइन ६ मिमी वर चाललीय. साध्या बांधकामाच्या लेव्हलला ६० मीटरला ३ मिमीपर्यंत चालवून घेतात, त्याच्या वर गेलं तर अॅडजस्ट करून घ्या.

टोटल स्टेशनला लांबचा एक स्पष्ट पॉइंट फेस लेफ्ट आणि फेस राइट (दुर्बीण उलटवून, मशीन अर्धं फिरवून) दोन्हीने घ्या. हॉरिझॉन्टल अँगलमध्ये १८० अंशांचा फरक हवा आणि व्हर्टिकलची बेरीज ३६० अंश यायला हवी. हे तीन-चार वेळा करा, कारण चूक दरवेळी तेवढीच येत असेल तर ती मेनूतल्या कॅलिब्रेशनने निघते, पण दरवेळी वेगळी येत असेल तर आत काहीतरी ढिलं झालंय आणि मग कितीही कॅलिब्रेशन करा, उपयोग नाही. अंतरासाठी एका सरळ रेषेत तीन पॉइंट, दोन तुकड्यांची बेरीज पूर्ण अंतराएवढी आली पाहिजे. प्लमेट (मशीन खालच्या पॉइंटच्या बरोबर वर आहे का ते दाखवणारा भाग) बघायला मशीन १८० अंश फिरवा, ठिपका जागेवरून सरकायला नको, आणि प्लमेट ट्रायब्रॅकमध्ये (मशीन ज्यावर बसतं त्या बैठकीत) असेल तर ट्रायब्रॅकच फिरवून बघावा लागतो. प्रिझम पोल (पॉइंटवर धरायची आरसा लावलेली काठी) पण पडला असेल तर त्याचा बबलही तपासा, तो सगळे विसरतात.

मशीन स्वतः उघडू नका. वहीत कुठल्या रीडिंगनंतर पडलं ते वेळेसकट लिहा, आणि टेस्टमध्ये चूक निघाली तर त्यानंतरची सगळी रीडिंग बेंचमार्कपासून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेपासून) परत घ्या.