पाळी जातानाचे त्रास: काढा, कॅप्सूल की हार्मोनची गोळी, हे कसे ठरवावे

चाळिशी ओलांडल्यावर अंगातून वाफा येऊ लागल्या, रात्री घामाने कपडे भिजू लागले आणि पाळी दोन-दोन महिने लांबू लागली, की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील बाईपुढे साधारण तीन वाटा असतात. बाजारातील काष्ठौषधींच्या दुकानातून शतावरी-अश्वगंधेचे चूर्ण आणायचे, मोबाईलवरील जाहिरात पाहून ‘खास महिलांसाठी’ असलेल्या कॅप्सूल मागवायच्या, नाहीतर मिरजेला उपचार घेणाऱ्या नणंदेच्या पाकिटातील गोळी स्वतःवर करून पाहायची. डॉक्टरांकडे जाणे ही चौथी वाट असते, पण तिचा विचार बहुतेक वेळा शेवटी होतो. या लेखाचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. वनौषधी काही मर्यादेत आपल्या मनाने घेऊन पाहता येते, हार्मोन मात्र कधीही तसे घेऊ नये. आणि परिणामापुरते बोलायचे, तर अंगातून येणाऱ्या वाफांवर हार्मोनची बरोबरी करणारी वनस्पती अद्याप चाचण्यांत सिद्ध झालेली नाही.

त्रास खरोखर पाळी जाण्याचाच आहे का, हे आधी पाहावे. दुसरे कारण नसताना सलग 12 महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे मानतात, आणि भारतात हे सरासरी 46-47व्या वर्षी घडते. त्याआधीची काही वर्षे अनियमिततेची असतात आणि त्या काळात गर्भ राहू शकतो, हे अनेकींच्या ध्यानात राहत नाही. थायरॉईड वाढल्यानेही छातीत धडधड होते आणि घाम फुटतो. रक्त कमी असल्याने थकवा येतो. रात्रीच्या घामाबरोबर ताप, खोकला आणि वजन घटणे असेल, तर क्षयाची तपासणी करावी लागते. पंचेचाळिशीनंतर नेहमीची लक्षणे असतील तर हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची सहसा गरज पडत नाही, पण हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि रक्तदाब एवढे पाहून घेणे स्वस्तात होते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेले, मग ते एक डाग का असेना, तर कोणताही काढा सुरू न करता आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असाच प्रकट होऊ शकतो. चाळिशीच्या आत पाळी थांबली, तरीही परस्पर उपचार करू नयेत.

यानंतर दोन आठवडे नोंद ठेवावी. वेगळी वही नको असेल, तर भिंतीवरील कालनिर्णयाच्या चौकोनात प्रत्येक वाफेसाठी पेन्सिलीने एक टिंब द्यावे, आणि रात्री घामाने जाग आली असेल तर त्या टिंबाभोवती गोल करावा. हे कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. वाफांवर झालेल्या औषधचाचण्यांत नुसती निष्क्रिय (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्या बायकांचाही त्रास सरासरी निम्म्याहून अधिक कमी झालेला दिसला आहे. थोडा भाग विश्वासाचा असतो आणि थोडा या त्रासाच्या आपोआप चढण्या-उतरण्याचा. त्यामुळे ‘चूर्ण घेतले आणि पंधरा दिवसांत बरे वाटले’ हा शेजारणीचा अनुभव खोटा नसला, तरी तेवढ्याने चूर्णाचा गुण सिद्ध होत नाही.

आता वनौषधी. जिल्ह्यात पिकणाऱ्या सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी साम्य असलेली द्रव्ये असतात, पण त्यांच्या कॅप्सूलवरील चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि जेथे फायदा दिसला तेथेही तो बेताचाच आहे. जवसाची चटणी खुशाल खावी, मात्र ती वाफांवरचे औषध नव्हे. ब्लॅक कोहोश या परदेशी मुळीचा पुरावा अपुरा आहे आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याची क्वचित उदाहरणे नोंदली गेली आहेत. शतावरी आणि अश्वगंधा यांवरील अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत. झोप व मनाची घालमेल यांसाठी अश्वगंधेचा काहींना उपयोग होतो, एवढे म्हणता येते. अशोकारिष्ट परंपरेने अति रक्तस्रावासाठी दिले जाते. ते वाफांसाठी घेणे चुकीच्या जागी औषध लावणे आहे, आणि रक्तस्रावाचे कारण न शोधता घेणे त्याहून वाईट. त्यात गूळ असतो व आंबवताना तयार झालेला मद्यार्कही असतो, हे मधुमेह किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी विसरू नये.

वनस्पतीला गुण असेल तर अवगुणही असणार, हे आपल्या वैद्यांना नेहमीच ठाऊक होते. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य जाहिरातवाल्यांचे आहे. ज्येष्ठमध रोज अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. आपल्याकडे तोच पदार्थ एका दुकानात ज्येष्ठमध आणि दुसऱ्या दुकानात अतिमधुर या कानडी नावाने मिळतो, म्हणून दोन पुड्यांतून दुप्पट मात्रा पोटात जाणार नाही, हे पाहावे. अश्वगंधा थायरॉईडची पातळी वाढवू शकते, झोपेच्या गोळीचा परिणाम गडद करते आणि क्वचित यकृताला त्रास देते. मेथीच्या कॅप्सूल मधुमेहाच्या औषधांबरोबर घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची परदेशी वनस्पती तर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसह अनेक औषधांचा जोर कमी करते.

बाटली हाती घेतल्यावर ती फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीत, गरज पडल्यास मुलांकडून वाचून घ्यावीत. आयुर्वेदिक औषधावर तसा स्पष्ट उल्लेख, उत्पादन परवाना क्रमांक, घटकांचे प्रमाण आणि मुदत असते. त्याऐवजी 14 आकडी अन्न परवाना क्रमांक असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो आहारपूरक पदार्थ आहे, औषध नव्हे, मग वेष्टणावर कितीही दावे छापलेले असोत. कमी किमतीच्या अशोकसालीत आसुपालवाची साल मिसळल्याचे वारंवार आढळले आहे, कारण खरा सीताअशोक पश्चिम घाटातही दुर्मीळ होत चालला आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. जत्रेत किंवा आठवडी बाजारात लेबलाशिवाय मिळणारी पुडी म्हणूनच घेऊ नये. एका वेळी एकच औषध सुरू करावे, 8 ते 12 आठवडे पाहावे, आणि दिनदर्शिकेवरील टिंबे कमी झाली नसतील तर ते सरळ बंद करावे. दरम्यान डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी औषध थांबवून यकृताची तपासणी करावी.

हार्मोनबद्दलची भीती मुख्यतः 2002 साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने निर्माण केली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे हार्मोन) यांची एकत्र गोळी घेणाऱ्या दर 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 8 रुग्ण जास्त आढळले आणि चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवला गेला. या चाचणीतील बायकांचे सरासरी वय 63 होते, ही गोष्ट मात्र बातम्यांत मागे पडली. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन 10 वर्षे होण्याआधी सुरू केल्यास, इतर अडचण नसलेल्या बाईसाठी लाभ सहसा धोक्यांपेक्षा जास्त असतो, अशी तज्ज्ञांची आजची भूमिका आहे. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत हार्मोन वाफा सुमारे 75 टक्के कमी करतात आणि हाडांची झीजही रोखतात. त्वचेवर लावायच्या जेलमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. त्रास फक्त योनीच्या कोरडेपणाचा किंवा लघवीच्या जळजळीचा असेल, तर जागेवर लावायचे कमी मात्रेचे क्रीम पुरते आणि ते रक्तात फारच थोडे उतरते.

नणंदेची गोळी का घेऊ नये, हे येथे समजून घ्यावे. तिची गर्भपिशवी काढलेली असेल, तर तिला नुसते इस्ट्रोजेन दिलेले असते. पिशवी असलेल्या बाईने तीच गोळी महिनोन्महिने घेतली, तर गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि कर्करोगाचा धोका उद्भवतो. तो टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉनची जोड लागते. सौंदत्तीच्या यल्लम्मा जत्रेसाठी किंवा घरच्या लग्नासाठी पाळी पुढे ढकलणारी गोळी मेडिकलमधून सहज आणली जाते, त्यामुळे हार्मोन म्हणजे काही विशेष नव्हे, असा समज झालेला आहे. ती गोळीही चिठ्ठीशिवाय देण्याची नाही, आणि पाळी जाण्याच्या वयातील अनियमित रक्तस्राव तिने दाबून ठेवला, तर मूळ आजार झाकला जातो. सुनेची गर्भनिरोधक गोळी हा पर्याय तर मुळीच नव्हे. स्तनाचा कर्करोग झालेला असणे, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, यकृताचा चालू आजार आणि कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काही असल्यास पोटात घ्यायचे हार्मोन सहसा देत नाहीत. अशा बायकांसाठी व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिन यांसारखी हार्मोनविरहित औषधे आहेत, तीही डॉक्टरांनीच ठरवावीत.

याच्या अगदी उलट स्थिती पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये कमी वयात काढली गेलेल्या बायकांची आहे. पाळी मोजण्याचा मार्गच उरत नसल्याने त्यांचे त्रास कोणी ओळखत नाही, आणि एरवी पाळी गेली असती त्या वयापर्यंत हार्मोन घेणे त्यांच्या हाडांसाठी व हृदयासाठी बहुधा हितकारक असते. चूर्णावर वर्षे काढणे त्यांना सर्वांत महाग पडते. शस्त्रक्रियेचा कागद शोधून त्यात अंडाशये ठेवली की काढली, एवढे कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना दिनदर्शिकेचे पान, शस्त्रक्रियेचे कागद आणि घरात चालू असलेली प्रत्येक बाटली व पुडी पिशवीत घालून न्यावी. ‘काढा घेते म्हटले तर रागावतील’ म्हणून तो लपवू नये. बोलणे कानडीत होणार असेल आणि अशा गोष्टी त्या भाषेत सांगता येत नसतील, तर मुलापेक्षा एखाद्या मैत्रिणीला बरोबर न्यावे, कारण योनीच्या कोरडेपणाविषयी कोणतीही आई मुलासमोर बोलणार नाही. कोल्हापूर-मिरजेचे उपचार असतील, तर चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही लिहून मागावे, म्हणजे इकडे दुसऱ्या कंपनीची तीच गोळी मिळते. हार्मोन सुरू केल्यावर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी व्हावी. त्या वेळी मात्रा कमी करायची, जेलवर जायचे की थांबवायचे, हे रक्तदाब आणि स्तनांची तपासणी पाहून ठरते. मधल्या काळात एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखले, बोलताना जीभ अडखळली किंवा हात लुळा पडला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे.