गीझर की हीट पंप? कोटेशन मागवायच्या आधी एवढं मोजून ठेवा

गणपती गेले की किनाऱ्यावरचे होमस्टेवाले सीझनच्या तयारीला लागतात, आणि हल्ली त्यात हीट पंपाचा विषय निघतोच. सेल्समन सांगतो बिल पाव होईल, आणि ते अगदीच खोटं नाही, पण कुणाचं बिल हा खरा प्रश्न आहे. म्हणून आधी बादल्या मोजा. आपल्याकडे विहिरीचं पाणी सव्वीस-सत्तावीस डिग्रीच्या आसपास असतं, ते आंघोळीपुरतं चाळीसवर न्यायचं म्हणजे वीस लिटरच्या बादलीला साधारण ०.३ युनिट जातं. हा हिशोब कुठल्याही कंपनीच्या गीझरला सारखाच, कारण कॉइलमधल्या विजेची उष्णता होते तेवढीच, जास्त काढता येत नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात टाकतो, फ्रीजचं उलटं काम समजा, आणि आपली हवा बारा महिने उबदार, त्यामुळे एका युनिटात तिप्पट तरी काम होतं, म्हणजे बादलीला ०.१ युनिट.

आता घरात दोघंच असाल, रोज चार बादल्या, तर वाचतं पाऊण युनिट. युनिट दहा रुपयांना धरला तरी दिवसाला आठ रुपये, त्यात एप्रिल-मे मध्ये कोण गरम पाणी घेतो? अशा घराने सरळ चांगला स्टारवाला गीझर घ्यावा, आंघोळ झाली की बंद करावा आणि हा विषय सोडून द्यावा, हे माझं स्पष्ट मत. पण चार खोल्या भरलेल्या, स्वयंपाकघर धरून तीस बादल्या, तर नऊ युनिटांच्या जागी तीन लागतात, दिवसाला साठ रुपये, दोनशे दिवस धरले तरी वर्षाला बारा हजार. इथे पंप विचार करण्यासारखा आहे.

यातला दहा रुपयांचा आकडा मात्र तुमचा नाही, तो तुमच्या बिलावर बघा. घरगुती मीटरला महावितरणचे स्लॅब आहेत, १००, ३००, ५०० असे, आणि वाचणारे युनिट नेहमी वरच्या, महागड्या स्लॅबमधले असतात, म्हणून सरासरी काढू नका, शेवटच्या युनिटाचा दर धरा. मंजूर लोडही बघून ठेवा, सकाळी सातला दोन किलोवॅटचे चार गीझर एकदम लागले की आठ किलोवॅट होतात आणि आधीच लो व्होल्टेज असलेल्या वाडीत लाइट मिणमिणतात, तर घरगुती पंप एक-दीड किलोवॅटवर चालतो, फक्त तो सावकाश तापवतो, दोनशे लिटरला दोनेक तास, म्हणजे पाहुणे उठायच्या आधी टायमर लावलेला हवा. तापमान पंचावन्नच्या वर मागितलंत तर बऱ्याच मॉडेलमध्ये आतली साधी कॉइल सुरू होते आणि मग तो महागडा गीझरच झाला. टाकीपासून लांबच्या खोलीपर्यंतचा पाइपही मोजा, तेवढं पाणी रोज फुकट थंड होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, खारा वारा. पंपाच्या बाहेरच्या कॉइलला तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यावर मीठ बसलं की आधी पांढरी पूड धरते, मग बोट लावलं तरी पट्टी तुटते, आणि कॉइल बदलायची तर दोन-तीन वर्षांची बचत एका फटक्यात जाते. एसीचं जुनं आउटडोअर युनिट बघितलं असेल तर कळेल मी काय म्हणतोय. म्हणून जागा घराच्या मागच्या अंगाला, वळचणीखाली, समुद्राकडे पाठ करून, पण मोकळी, कारण कोंडलेल्या न्हाणीघरात तो स्वतःच हवा थंड करत बसेल. कोटिंगवाली कॉइलच मागा. महिन्याला गोड्या पाण्याने धुवायची, पाऊस संपला की एकदा नीट. विहीर किनाऱ्यालगत असेल आणि उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड, जो टाकीऐवजी स्वतः गंजतो, वर्षाला तपासायला लागतो, हे गीझरलाही लागू. अर्थिंग जांभ्यात असेल तर खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, पाणी घालत रहा. वादळात वीज गेली की दोन्ही बंद, म्हणून मांगरातली नारळाची सोडणं आणि बंब विकू नका.

ॲडव्हान्स द्यायच्या आधी दोन गोष्टी लेखी घ्या, एक म्हणजे तालुक्यात दुरुस्तीला माणूस कोण आणि तो किती दिवसांत येतो, आणि दुसरी, समुद्रकिनाऱ्यावर गंजलेली कॉइल वॉरंटीत बसते की नाही. तोंडी हो चालणार नाही.